कॅन्सरच्या नव्या औषधाच्या पहिल्या टप्प्यातील ट्रायल: पात्रता, कागदपत्रं आणि संमती

क्लिनिकल ट्रायलसाठी, म्हणजे नवं औषध माणसांवर तपासून पाहण्याच्या चाचणीसाठी, सेतू केंद्रात किंवा तहसीलमध्ये भरायचा कुठलाही अर्ज नसतो. "मुंबईत नाव लावून देतो" म्हणत कुणी पैसे मागत असेल, तर तो दलाल आहे. या कामाची सुरुवात होते ती आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीपासून.

म्हणून छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय असो, लातूर-नांदेडचा खाजगी दवाखाना असो की धाराशिवकडच्या लोकांना जवळ पडणारं बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल, आधी तिथल्या डॉक्टरांना सरळ विचारा: नेहमीच्या उपचारांपैकी अजून काय शिल्लक आहे? पहिल्या टप्प्यातली ट्रायल बहुतेक वेळा असे उपचार संपलेल्या किंवा चालेनाशा झालेल्या रुग्णांसाठी असते. महात्मा फुले योजनेत बसणारी केमो बाकी असताना ती सोडून ट्रायलमागे धावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. या टप्प्यात मुख्यतः बघायचं असतं ते औषध किती डोसपर्यंत सोसतं. दोन-चार रुग्णांना कमी डोस द्यायचा, त्रास किती होतो ते पाहायचं, मग पुढच्यांसाठी डोस वाढवायचा. गाठ कमी झाली तर उत्तमच, पण तसा शब्द कुणी देत असेल तर सावध व्हा.

ट्रायल खरी आहे का, हे मोबाइलवरही तपासता येतं. 15 जून 2009 पासून देशातल्या औषधांच्या ट्रायलची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करणं बंधनकारक आहे. तिच्या वेबसाइटवर आजाराचं नाव टाकून शोधा. नोंदीत कुठल्या हॉस्पिटलात ट्रायल चालू आहे, कोण पात्र, कोण अपात्र आणि 'ओपन टू रिक्रूटमेंट', म्हणजे रुग्ण घेणं चालू आहे का, हे सगळं दिसतं. सगळं इंग्रजीत आहे, म्हणून कॉलेजला जाणाऱ्या पोराला सोबत बसवा. नोंदीचा नंबर लिहून घ्या आणि तोच डॉक्टरांना दाखवा.

पात्रतेच्या अटी प्रत्येक ट्रायलच्या वेगळ्या असतात. तरी वय 18 च्या पुढे, स्कॅनमध्ये मोजता येईल अशी गाठ, रक्तातल्या पेशी, लिव्हर आणि किडनी ठीक, एवढं जवळपास सगळीकडे लागतं. रुग्ण स्वतःच्या पायाने चालणारा आणि हलकं काम करू शकणारा असावा. दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ अंथरुणात जात असेल तर सहसा घेत नाहीत. शेवटच्या केमोनंतर काही आठवड्यांचा खंड लागतो. मेंदूत पसरलेला आजार आटोक्यात नसेल किंवा गर्भारपण असेल, तर बहुतेक ठिकाणी नकार येतो. गावाकडचा काढा, जडीबुटी चालू असेल तर तेही सांगा. लपवलं तर त्रास रुग्णालाच होतो.

कागदपत्रांत सगळ्यात मोलाचा असतो बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा. नुसता रिपोर्ट अनेकदा पुरत नाही. जिथे बायोप्सी झाली त्या लॅबमधून ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, आणि घेतल्याची नोंद ठेवा. स्कॅनच्या फिल्मसोबत सीडीही घ्या. प्रत्येक केमोची तारीख आणि डोस असलेला तक्ता, डिस्चार्ज कार्डं, बीपी-शुगरसह चालू गोळ्यांची यादी, आधार कार्ड आणि रेफरन्स चिठ्ठी हवी. सगळं तारखेप्रमाणे एका फाइलीत लावा.

आता अवघड भाग. आपल्याकडे रुग्णाला "गाठ आहे, बरी होईल" एवढंच सांगायची रीत आहे. ट्रायलमध्ये ते चालत नाही. संमती रुग्णानेच द्यायची असते. मोठा मुलगा सही करतो म्हटल्याने भागत नाही. रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या अवस्थेतच नसेल, तरच कायदेशीर प्रतिनिधीचा विचार होतो. माहितीपत्रक मराठीत मागा, घरी नेऊन सावकाश वाचा. लिहिता-वाचता येत नसेल तर निष्पक्ष साक्षीदारासमोर अंगठा चालतो. अगदी नव्या घटकाच्या औषधाच्या ट्रायलमध्ये रुग्ण असुरक्षित गटातला, म्हणजे सहज दबावाखाली येऊ शकेल असा असेल, तर संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं. कॅमेरा पाहून दचकू नका. 2019 च्या नियमांतच ते आहे.

संमतीपत्रात वारसाचं नाव आणि वार्षिक उत्पन्न लिहायचं असतं. उत्पन्नाच्या रकान्यावरून घरात उगाच चर्चा रंगते. मृत्यूच्या भरपाईचं सूत्र 8 लाख रुपयांच्या पायावर, वय आणि आजाराची जोखीम धरून चालतं. उत्पन्न त्यात येत नाही. वारसाचं नाव मात्र आधारवर आहे तसंच लिहा. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात. सही झालेल्या संमतीपत्राची प्रत आणि एथिक्स कमिटीचा, म्हणजे ट्रायलमध्ये रुग्णाचं हित जपलं जातं का ते पाहणाऱ्या समितीचा, फोन नंबर घेतल्याशिवाय उठू नका. कमिटीत बाहेरचे सदस्य असतात, रुग्णाची तक्रार ती ऐकते.

ट्रायलचं औषध आणि त्यासाठीच्या तपासण्या यांचे पैसे सहसा लागत नाहीत. प्रवास, राहणं, सोबत्याचं जेवण यांचं काय, ते माहितीपत्रकातून वाचून विचारा. कारण खरा खर्च तिथेच आहे. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पहिल्या टप्प्याच्या ट्रायलच्या जाळ्यातली राज्यातली दोन केंद्रं, केईएम हॉस्पिटल आणि खारघरचं टाटाचं कॅन्सर संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक, दोन्ही मुंबईच्या बाजूला. परभणी-नांदेडहून एक रात्र गाडीतच जाते. पहिल्या 21 किंवा 28 दिवसांत रक्त द्यायला वारंवार बोलावतात, तेव्हा तिकडेच राहायची सोय पाहावी लागते. सोयाबीनच्या काढणीत ते दिवस आले तर घरात कोण थांबणार, हे आधीच ठरवा. उपचारासाठी जाताना रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री एसीत रुग्णाला भाडं माफ असतं, सोबत्याला 75 टक्के सवलत मिळते. त्यासाठी हॉस्पिटलचा ठराविक नमुन्यातला दाखला लागतो.

सही केल्यावरही तपासण्यांत नापास होणारे असतात. तसं झालं तर ब्लॉक, सीडी आणि नव्या रिपोर्टच्या प्रती परत मागा, पुढच्या ट्रायलला त्याच लागतील. मधेच सोडायची असेल तर कारण न देता सोडता येते, आणि त्यावरून हॉस्पिटल नेहमीचे उपचार नाकारू शकत नाही. फक्त डॉक्टरांना कळवून सोडा, कारण औषध थांबल्यावरही काही दिवस रक्त तपासून घ्यावं लागतं.