अर्धा र कुठे गेला? : लिनक्सचा डेस्कटॉप बदलताना

मुलुंडमधल्या आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या कार्यालयात एक जुना संगणक आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि विंडोज ११ च्या अटींत हे यंत्र बसत नव्हते, म्हणून कार्यकारिणीच्या संमतीने मी त्यावर उबुंटू हे लिनक्स प्रणालीचे वितरण, म्हणजे तिचा एक तयार संच, बसवले. काही आठवडे सारे सुरळीत चालले. पुढे यंत्र संथ वाटू लागले, तेव्हा एका रविवारी मी त्याचा डेस्कटॉप बदलून ‘ग्नोम’च्या जागी ‘एक्सएफसीई’ आणला. फायली, छपाईयंत्र, इंटरनेट हे सर्व जागच्या जागी राहिले. मंगळवारी मात्र लिफ्टशेजारच्या फलकावर सूचना लागली, ‘दुसर्या मजल्यावर पाणीपुरवठा बंद राहील’, आणि निवृत्त शिक्षक असलेल्या आमच्या सचिवांनी मला जिन्यातच गाठले. ‘‘बाकी सगळं ठीक आहे हो, पण माझा अर्धा र कुठे गेला?’’ ज्यांनी आयुष्यभर मुलांना ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक शिकवला, त्यांच्या दृष्टीने ही क्षुल्लक बाब नव्हती. त्या र चा माग काढताना लिनक्सच्या डेस्कटॉपची रचना जितकी स्पष्ट झाली, तितकी ती एरवी झाली नसती.

विंडोजच्या सवयीने आपण पडद्यावर दिसणाऱ्या चित्रालाच संगणक समजतो, तर लिनक्समध्ये ते चित्र हा एकावर एक रचलेल्या थरांपैकी फक्त वरचा थर असतो. तळाशी कर्नल असतो, जो प्रोसेसर, स्मृती आणि यंत्राचे इतर भाग सांभाळतो. त्याच्या वर पडद्यावर रेखाटण्याची आणि कळफलक व माउसकडून येणारे संदेश पोहोचवण्याची यंत्रणा असते. तिच्यावर विंडो मॅनेजर, पॅनेल, मेनू, फाइल मॅनेजर, सेटिंगची दालने आणि सूचना दाखवणारे छोटे प्रोग्राम एकत्र नांदतात, आणि या एकत्र कुटुंबाला ‘डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट’ म्हणतात. दादरच्या शिवाजी मंदिरात एकाच दिवशी दोन-तीन वेगवेगळ्या नाटकांचे प्रयोग होतात. रंगमंच, वीज आणि पडदा नाट्यगृहाचा, पण दिवाणखाना असो की राजवाडा, नेपथ्य ज्याच्या त्याच्या टेम्पोतून येते. ग्नोम, केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई, सिनॅमन, माटे ही अशी नेपथ्ये होत.

नेपथ्य वेगळे काढता येते याचे कारण ऐतिहासिक आहे. १९८४ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एक्स विंडो सिस्टिमचा जन्म झाला, तेव्हा तिच्या कर्त्यांनी ठरवून एक पथ्य पाळले : पडद्यावर चौकटी कशा उमटतील याची सोय आपण करायची, पण त्या कशा दिसाव्यात आणि कशा वागाव्यात हे ठरवायचे नाही. खिडकीला शीर्षकपट्टी असावी की नसावी, बंद करण्याचे बटण कोणत्या कोपऱ्यात असावे, हेसुद्धा एक्स सांगत नाही; ते वेगळ्या प्रोग्रामचे, म्हणजे विंडो मॅनेजरचे, काम. याचा पडताळा घरबसल्या घेता येतो. एक्सवर चालणाऱ्या एक्सएफसीईत टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीतून, विंडो मॅनेजर नव्याने सुरू करण्याची आज्ञा दिली, तर उघडलेल्या खिडक्यांच्या शीर्षकपट्ट्या क्षणभर नाहीशा होऊन परत येतात आणि तोवर आतला अर्धवट लिहिलेला मजकूर जसाच्या तसा असतो. हा प्रयोग मी सचिवांना मुद्दाम दाखवला, पण त्यांना त्यात काही रस वाटला नाही.

धोरण मोकळे ठेवल्यावर ते भरून काढायला अनेकजण पुढे येणारच. १४ ऑक्टोबर १९९६ रोजी मॅथियास एट्रिच या जर्मन विद्यार्थ्याने केडीई प्रकल्पाची घोषणा केली. (विंडोज १० नेही निरोपासाठी हीच तारीख निवडावी हा योगायोग मला अजून गंमतीचा वाटतो.) केडीई ज्या ‘क्यूट’ या साधनसंचावर (बटणे, मेनू वगैरे बनवण्याच्या तयार कोडवर) उभे होते, त्याचा परवाना तेव्हा पूर्णपणे मुक्त नव्हता. या मुद्द्यावरून १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोमची सुरुवात केली. एक्सएफसीईचा आरंभही १९९६ चाच. परवान्याचा वाद काही वर्षांत मिटला, पण दोन घराणी कायमची वेगळी झाली, आणि आजही लिनक्सच्या डेस्कटॉपवरील अनेक प्रोग्राम क्यूट आणि ग्नोमचा जीटीके या दोहोंपैकी एका साधनसंचाने लिहिलेले असतात. केडीईच्या प्लाझ्मात ग्नोमचा एखादा प्रोग्राम उघडला की त्याची बटणे, कडा आणि मेनू किंचित परके का दिसतात, याचे उत्तर त्या जुन्या भांडणात आहे.

२०११ मध्ये ग्नोम ३ ने खालची पट्टी आणि ओळखीचा मेनू काढून टाकला, तेव्हा खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी जाहीर नाराजी व्यक्त करून एक्सएफसीई वापरायला घेतले. जुन्या ग्नोम २ ची प्रत घेऊन ‘माटे’ उभे राहिले, तर लिनक्स मिंट या वितरणाच्या मंडळींनी नव्या पायावर जुन्या वळणाचे ‘सिनॅमन’ रचले. उत्पादकाने रूप बदलले म्हणून वापरणाऱ्यांनी जुने रूप स्वतःच्या हिमतीवर जिवंत ठेवावे, हे बंदिस्त प्रणालीत शक्यच नव्हते.

प्रत्यक्ष बदल करताना नेमके काय घडते, ते आता पाहू. उबुंटू किंवा डेबियन या वितरणांवर एक्सएफसीईचे पॅकेज (प्रोग्रामचे तयार गाठोडे) बसवले की ठरलेल्या फोल्डरमध्ये एक छोटी मजकूर फाइल येऊन पडते, जिच्यात डेस्कटॉपचे नाव आणि तो सुरू करण्याची आज्ञा एवढेच असते. लॉगिनचा पडदा त्या फोल्डरमधील फायली वाचतो आणि जितक्या फायली तितके पर्याय आपल्यासमोर ठेवतो. गुप्तशब्द टाकण्यापूर्वी कोपऱ्यातल्या चिन्हावरून हवा तो निवडायचा, एवढेच. जुना डेस्कटॉप काढावा लागत नाही, दोन्ही सुखाने राहतात. येथे एक सावधगिरी हवी. नुसत्या डेस्कटॉपचे पॅकेज आणि त्याचा संपूर्ण संसार ओढून आणणारे पॅकेज अशी दोन वेगवेगळी पॅकेजे असतात, आणि दुसरे बसवल्यास एकाच कामाचे दोन-दोन प्रोग्राम मेनूत गर्दी करतात. नंतर हे ओझे उतरवण्यासाठी घाईने ‘आता नको असलेले सगळे काढ’ अशी आज्ञा देऊ नये. काढल्या जाणाऱ्या गोष्टींची यादी आधी नीट वाचावी.

नेपथ्याची उपमा येथे तोकडी पडते. नाटक संपले की सामान टेम्पोत चढते. डेस्कटॉप मात्र आपले सामान वापरणाऱ्याच्या होम फोल्डरमध्ये, नावाआधी टिंब असलेल्या आणि म्हणून एरवी न दिसणाऱ्या फोल्डरांत, मागे ठेवून जातो. ग्नोम आपल्या आवडीनिवडी ‘डीकॉन्फ’ नावाच्या एका साठ्यात लिहितो, एक्सएफसीई ‘एक्सएफकॉन्फ’च्या फायलींत, तर प्लाझ्मा अनेक लहान मजकूर फायलींत. एकाची वही दुसरा वाचत नाही. म्हणून नवा डेस्कटॉप आजमावायचा असेल, तर यंत्रावर दुसरे खाते उघडून त्यात आजमावणे उत्तम. पसंत पडला नाही तर ते खातेच पुसावे, आपले मूळ खाते जसेच्या तसे राहते. मी हे इतरांना नेहमी सांगतो आणि सोसायटीच्या संगणकावर नेमके तेच करायला विसरलो.

आता त्या र कडे वळता येईल. सचिव इन्स्क्रिप्ट या कळफलकाच्या मांडणीत टंकतात, ज्यात इंग्रजी जे च्या कळीवर र असतो आणि शिफ्ट दाबून ऱ येतो. ही मांडणी मी ग्नोमच्या सेटिंगमध्ये निवडून दिली होती, म्हणजे ती ग्नोमच्या वहीत लिहिली गेली होती. एक्सएफसीईची वही कोरी असल्याने तेथे मराठीच नव्हती, म्हणून मी घाईत उच्चारानुसारी मांडणी लावून दिली. सचिवांनी ध्वनीवरून बाकी अक्षरे शोधून काढली, पण ऱ काही सापडला नाही, आणि साधा र, हलन्त व य टाकल्यावर नियमाप्रमाणे रफार उमटला.

यात दोष अक्षरे जुळवणाऱ्या यंत्रणेचा नव्हता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कोणत्या वर्णक्रमातून कोणते जोडाक्षर उभे राहील हे ‘हार्फबझ’ नावाचा एक सामायिक प्रोग्रामसंच ठरवतो, आणि जीटीके व क्यूट ही दोन्ही घराणी त्याचाच उपयोग करतात. कोणता फॉन्ट घ्यावा हे ‘फॉन्टकॉन्फिग’ ठरवतो, आणि तोही सर्वांचा एकच. म्हणूनच मराठी वळणाचे ल आणि श दिसावेत म्हणून मी फॉन्टकॉन्फिगच्या फाइलीत पूर्वी केलेली सोय डेस्कटॉप बदलूनही अबाधित राहिली, तर डेस्कटॉपच्या वहीतली कळफलकाची निवड त्या डेस्कटॉपबरोबर गेली. बदल कोणत्या थरात केला यावर त्याचे आयुष्य ठरते, आणि सजावटीला हात घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी हाच प्रश्न विचारावा असे माझे मत आहे.

सजावटीच्या बाबतीत या तीन डेस्कटॉपांचे स्वभाव अगदी भिन्न आहेत. ग्नोम मुळात फारसे काही बदलू देत नाही. बदल हवे असतील तर एक्स्टेन्शन, म्हणजे छोटे जोडप्रोग्राम, घ्यावी लागतात, आणि ती डेस्कटॉपच्या चालू प्रोग्राममध्येच शिरून काम करत असल्याने प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर मोडण्याचा धोका असतो. सप्टेंबर २०२३ मधील ग्नोम ४५ ने आतली मांडणी अशी बदलली की जुनी एक्स्टेन्शन त्यांच्या कर्त्यांना दुरुस्त करून द्यावी लागली. प्लाझ्मा याच्या उलट टोकाला आहे. तेथे पट्टीच्या जाडीपासून खिडकीच्या सावलीपर्यंत सगळे बदलता येते आणि इतरांनी केलेल्या संपूर्ण थीमही मिळतात. पण अशा थीममध्ये केवळ चित्रे आणि रंग नसतात, चालणारा कोडही असू शकतो. मार्च २०२४ मध्ये प्लाझ्माच्या अशाच एका थीमने एका वापरकर्त्याच्या फायली पुसून टाकल्या, आणि केडीईला सावधगिरीचा जाहीर इशारा द्यावा लागला. एक्सएफसीई या दोहोंच्या मधला, थोडा जुन्या चालीचा, पण न कुरकुरता चालणारा. त्यात मला एकच गोष्ट हटकून बदलावी लागते : रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेल्या काही थीममध्ये ओळींची उंची इतकी कमी असते की मराठीतल्या वेलांट्या आणि मात्रा वरून छाटल्या जातात, म्हणून पॅनेलची उंची आणि फॉन्टचा आकार आधी जुळवून घ्यावा.

डेस्कटॉप बदलल्याने यंत्र वेगवान होते का? एक्सएफसीई ग्नोमपेक्षा कमी स्मृती घेतो हे खरे, आणि ४ जीबी स्मृतीच्या यंत्रावर तो फरक जाणवतो. मात्र ब्राउझरमध्ये दहा-बारा पाने उघडी ठेवणाऱ्याची ती बचत पहिल्या पाच मिनिटांत संपते. साठवणीच्या जुन्या फिरत्या तबकडीच्या जागी एसएसडी ही न फिरणारी, वेगवान साठवण बसवणे हा बहुधा अधिक परिणामकारक उपाय आहे, आणि तो मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या संगणकांच्या बाजारात सहज मिळतो.

थरांची ही रचना सध्या बदलतेही आहे. एक्सची जागा २००८ मध्ये सुरू झालेले ‘वेलँड’ घेत आहे, आणि त्यात रेखाटनाची यंत्रणा व विंडो मॅनेजर हे दोन थर एकाच प्रोग्राममध्ये विलीन होतात. त्यामुळे सुरक्षा वाढते, कारण एका खिडकीला दुसऱ्या खिडकीत काय टंकले जाते हे चोरून पाहता येत नाही; पण विंडो मॅनेजर कोसळला तर सर्व उघड्या खिडक्याही जाण्याची शक्यता वाढते. प्लाझ्मा ६ ने यावर काही प्रमाणात उपाय केला आहे. कळफलकाची मांडणी सांभाळणेही वेलँडमध्ये प्रत्येक डेस्कटॉपच्या स्वतःच्या प्रोग्रामकडे जाते, म्हणजे सचिवांची तक्रार उद्या दुसऱ्या कोणाच्या तोंडी येऊ शकते.

सोसायटीच्या संगणकावर आजही एक्सच आहे, त्यामुळे उपाय सोपा होता. इंग्रजी आणि इन्स्क्रिप्ट या दोन्ही मांडण्या मी डेस्कटॉपच्या खालच्या थरात, संपूर्ण प्रणालीच्या कळफलकाच्या फाइलीत लिहिल्या, आणि एक्सएफसीईच्या कळफलक सेटिंगमध्ये ‘प्रणालीचे मूळ पर्याय वापरा’ हा खटका चालू केला. सचिवांनी शिफ्ट धरून जे ची कळ दाबली, मग हलन्त, मग य, आणि पडद्यावर ‘दुसऱ्या’ उमटले. त्याच दुपारी त्यांनी जुनी सूचना काढून नवी लावली, पाणी तोवर सुरू झाले होते तरीही.