चांदीचा स्पॉट भाव आणि दुकानातला भाव: मधले पैसे कशाचे?

2025 च्या संक्रांतीला माझ्या मावशीने नातवाच्या बोरन्हाणासाठी लातूरच्या सराफा बाजारातून 10 ग्रॅमचं चांदीचं नाणं घेतलं. टीव्हीवर चांदी किलोला 88 हजार दाखवत होते, म्हणजे 10 ग्रॅमला 880. पावतीवर मात्र नाण्याचे 1,030 आणि वर जीएसटीचे 30 रुपये 90 पैसे. "मला लुबाडलं की काय रे?" असं तिने विचारलं. लुबाडलं नव्हतं. पण ते वरचे 150 रुपये कशाचे, हे तिला कुणी सांगितलंही नव्हतं, आणि मला ते खटकलं.

आडतीवर सोयाबीन घालणाऱ्याला हे लगेच कळेल. सौद्यात निघालेला भाव वेगळा, आणि हमाली-तोलाई वजा होऊन पट्टीवर हातात पडते ती रक्कम वेगळी. चांदीतही तसंच आहे, फक्त इथे खर्च घेणाऱ्याच्या अंगावर बसतो.

स्पॉट म्हणजे निव्वळ धातूचा, आत्ताचा, घाऊक भाव. तो ठरतो लंडन-न्यूयॉर्कच्या व्यवहारांत, डॉलरमध्ये आणि ट्रॉय औंसावर. एक ट्रॉय औंस म्हणजे 31.1 ग्रॅम. समजा स्पॉट 30 डॉलर आणि डॉलर 86 रुपयांना. किलोचे होतात साधारण 82,950. त्यावर तेव्हाचं आयात शुल्क 6 टक्के धरलं की 87,900 च्या आसपास. टीव्हीवरचे 88 हजार आले ते इथून. म्हणजे आपण ज्याला 'भाव' म्हणतो त्यात डॉलर आणि सरकारी शुल्क आधीच मुरलेलं असतं. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात हे शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आलं, तेव्हा आपल्याकडे चांदी स्वस्त व्हायला लंडनचा भाव हलायची गरजच नव्हती. 3 टक्के जीएसटी लागतो तो शेवटी, बिलावर.

प्रीमियम, म्हणजे मावशीच्या पावतीवरचे ते वरचे 150 रुपये, या सगळ्यापलीकडचा. चांदी शुद्ध करणं, नाणं पाडणं, पॅकिंग, वाहतूक, विमा, सराफाचा नफा, हे सगळं त्यात येतं. हा खर्च वजनाच्या प्रमाणात वाढत नाही. 10 ग्रॅमच्या नाण्याला ठसा मारावा लागतो, तसाच 100 ग्रॅमच्यालाही. म्हणून वस्तू जितकी लहान, तितका ग्रॅममागे प्रीमियम जास्त. मावशीच्या नाण्यावर तो 17 टक्के पडला. किलोच्या विटेवर तो यापेक्षा पुष्कळ कमी असतो. पैंजण-जोडव्यांवर प्रीमियमऐवजी घडणावळ लागते, आणि तिथे टंचही, म्हणजे चांदीची शुद्धता, बघावा लागतो.

मालाची चणचण झाली की मात्र प्रीमियम स्वतःच्या पायावर पळतो. ऑक्टोबर 2025 मध्ये धनत्रयोदशीच्या तोंडावर तेच झालं. देशात चांदी मिळेना, इथला भाव परदेशी भावाला धरून राहिला नाही, आणि काही म्युच्युअल फंडांनी चांदीच्या योजनांत एकरकमी पैसे घेणं थांबवलं. दिवाळी सरता सरता स्पॉट उतरला आणि प्रीमियमही ओसरला. धनत्रयोदशीच्या आठवड्यात घेणाऱ्याला दोन्हीकडून झळ बसली. उलट, गिऱ्हाईक नसतं तेव्हा व्यापारी आपसात भावाखालीही माल देतात.

मोडीच्या वेळी खरा फरक कळतो. सराफ मोड घेतो ती धातूच्या भावाने, वर थोडी घट धरून. ठशाचे, डबीचे पैसे परत येत नाहीत, जीएसटीही नाही. मावशीचं नाणं घेतलं त्याच आठवड्यात मोडलं असतं तर 880 सुद्धा हातात पडले नसते. चांदी पाचव्या हिश्श्याहून जास्त वर गेली असती, तेव्हा कुठे तिचे 1,060 रुपये 90 पैसे भरून निघाले असते.

परवा ती पुन्हा दुकानात गेली होती. काउंटरवर बसल्या बसल्या तिने आधी विचारलं, "हेच आज मोडलं तर काय द्याल?" सराफाने कॅल्क्युलेटरवर दोन्ही आकडे दाखवले. तिने लहान नाण्यांचा ट्रे बाजूला सारला आणि 100 ग्रॅमची लगड काट्यावर ठेवायला सांगितली.