मत्स्यालयातील तळथर

गोड्या पाण्याच्या मत्स्यालयाच्या तळाशी वाळू, रेव, माती किंवा भाजलेल्या मातीचे दाणे यांचा जो थर पसरतात, त्यास तळथर किंवा अधःस्तर म्हणतात. वनस्पतींची मुळे त्यात रुजतात, तळाचे मासे त्यात अन्न शोधतात आणि दाण्यांवर वाढणारे सूक्ष्मजीव अमोनियाचे नायट्राइटात व पुढे नायट्रेटात रूपांतर करतात. रंगरूप पाहून त्याची निवड करणे म्हणूनच योग्य नव्हे.

बंदिस्त पाण्यात मासे आणि वनस्पती एकत्र जगवण्याचा मान कोणाचा, याविषयी एकमत नाही. तळाच्या साहित्याचा तपशील देणाऱ्या जुन्या वर्णनांपैकी रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाची १८५० मधील टिपण सर्वांत उपयुक्त ठरते. सुमारे बारा गॅलनच्या काचपात्रात त्यांनी वाळू व चिखल घातला, त्यावर चुनखडीयुक्त ट्यूफाचे (सच्छिद्र खडकाचे) व वालुकाश्माचे दगड रचले, व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीची मुळे चिखलात खोवली आणि ती उपटून वर येऊ नयेत म्हणून त्यांवर एक दगड ठेवला. आत दोन गोल्डफिश होते. ट्यूफामुळे पाण्याची कठीणता काहीशी वाढली असावी. गोल्डफिशला ते मानवते.

साहित्याचा चुनखडीपणा हाच निवडीतला पहिला प्रश्न. शिंपले, प्रवाळ किंवा चुनखडीचे तुकडे पाण्यात हळूहळू विरघळून कठीणता आणि सामू वाढवतात. धुतलेल्या चिमूटभर रेवेवर व्हिनेगर टाकून बुडबुडे आले, तर तीत कार्बोनेट आहे असे समजावे. मृदू, आम्लधर्मी पाण्यातल्या माशांसाठी अशी रेव वापरू नये. गारेची (क्वार्ट्झची) वाळू पाण्याच्या रसायनात जवळजवळ ढवळाढवळ करत नाही. भाजलेल्या मातीचे दाणे याउलट सामू खाली आणतात. मात्र त्यांपैकी काही पहिले काही आठवडे अमोनिया सोडतात, म्हणून मासे लगेच सोडू नयेत.

जांभ्याच्या (लॅटराइट) वापराबद्दल बराच वाद आहे. हे नाव फ्रान्सिस ब्यूकॅनन यांनी १८०७ मध्ये, विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून रूढ केले. रेवेखाली जांभ्याचा चुरा पसरल्यास तो पोषक धनायने (धनभारित आयन) धरून ठेवतो, असे सांगितले जाते. परंतु जांभ्यातील चिकणमाती बहुधा केओलिनाइट या खनिजाची असते, आणि तिची धनायन-विनिमय क्षमता, म्हणजे धनायने धरून ठेवण्याची व अदलाबदल करण्याची ताकद, १०० ग्रॅमला साधारण ३ ते १५ मिलीइक्विव्हॅलंटच भरते; माँटमोरिलोनाइट या दुसऱ्या चिकणमाती-खनिजाची ८० ते १५०. जांभ्याचे खरे मोल त्यातल्या लोहात मानणे अधिक सयुक्तिक वाटते. खालच्या थरात ऑक्सिजन कमी असतो, तेथे लोह फेरस (पाण्यात विरघळणाऱ्या) रूपात येऊन मुळांना मिळते.

हीच कमी ऑक्सिजनची स्थिती बारीक वाळूच्या जाड थरात जास्त वाढली, तर सल्फेटापासून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. काचेतून तळाशी काळा पट्टा दिसतो आणि ढवळताच कुजक्या अंड्याचा वास येतो. वर ऑक्सिजनयुक्त पाणी असेल, तर या वायूचे लवकर ऑक्सिडीकरण होते. तरी जुना थर एकदम उकरणे टाळावे. नुसत्या वाळूसाठी २ ते ३ सेंमी. जाडी पुरते, मुळे धरणाऱ्या वनस्पतींना ५ ते ८ सेंमी. लागते. ६० × ३० सेंमी. तळावर ५ सेंमी. रेव म्हणजे ९ लिटर, साधारण १४ किलोग्रॅम. टाकीखालच्या टेबलाने हे ओझे पेलले पाहिजे.

कोरिडोरस मासा तोंडात वाळू घेऊन कल्ल्यांतून बाहेर सोडतो. धारदार खडीने त्याच्या मिशा झिजतात. अनुबियास व जावा फर्न या वनस्पतींचे आडवे खोड वाळूत पुरल्यास कुजते, ते दगडाला किंवा लाकडाला बांधतात.

वाळू वाहते पाणी नितळ होईपर्यंत धुवावी. भाजलेल्या मातीचे दाणे चोळू नयेत, ते फुटतात. टाकी भरताना थरावर बशी ठेवून तिच्यावर धार सोडली, तर पाणी गढूळ होत नाही.