एकचल रेषीय समीकरण

ज्या समीकरणात एकच अज्ञात संख्या असते आणि तिचा घात १ असतो, ते एकचल रेषीय समीकरण. अज्ञाताची जी किंमत घातल्यावर दोन्ही बाजू सारख्या होतात, ती त्याची उकल. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी माध्यमाच्या शाळांत हा विषय सातवी-आठवीत येतो. तिथले पाठ्यपुस्तक मराठीत असले तरी कर्नाटक शासनाचे असते. पलीकडे चंदगड-गडहिंग्लजची मुले बालभारतीचे पुस्तक वापरतात, गणित तेच.

समजा, बेळगावातून माल पाठवायचा आहे. एक टेम्पोवाला ३०० रुपये ठोक आणि वर किलोमीटरला १८ रुपये मागतो. दुसरा ५०० ठोक आणि किलोमीटरला १४. (दर हिशेबाच्या सोयीचे घेतले आहेत.) किती अंतराला दोघांचे भाडे सारखे पडेल? अंतर क्ष किलोमीटर मानले तर

३०० + १८क्ष = ५०० + १४क्ष

दोन्ही बाजूंतून १४क्ष वजा केले की ३०० + ४क्ष = ५००. दोन्हींतून ३०० वजा केले की ४क्ष = २००. दोन्ही बाजूंना ४ ने भागले की क्ष = ५०. पडताळा: ३०० + ९०० = १२०० आणि ५०० + ७०० = १२००. म्हणजे पंचविसेक किलोमीटरवरच्या खानापूरला पहिला टेम्पो स्वस्त, तर पाऊणशेच्या आसपास असलेल्या निपाणीला दुसरा.

वर्गात मात्र हेच ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ अशा एका ओळीत उरकले जाते. या युक्तीला पक्षांतर म्हणतात. ती चुकीची नाही, पण नुसती पाठ केली की घात करते. ४क्ष = २०० इथवर बरोबर आलेला विद्यार्थी ४ ला पलीकडे नेतो आणि चिन्ह बदलून क्ष = २०० − ४ लिहितो. इथे ४ ही बेरजेतली संख्या नसून गुणक आहे, त्यामुळे तो भागाकारानेच सुटतो. दोन्ही बाजूंवर एकच क्रिया करायची, हे मूळ तत्त्व पक्के असेल तर ही चूक सहसा होत नाही. अपूर्णांक आले तर छेदांच्या लसाविने दोन्ही बाजूंना आधी गुणून घ्यावे; क्ष/२ + क्ष/३ = १० याचे ३क्ष + २क्ष = ६० होते, आणि क्ष = १२.

ही रीत फार जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त सूत्र दिले ते असे: सुट्या संख्यांमधील फरक उलट क्रमाने घ्यावा आणि त्याला अज्ञाताच्या गुणकांमधील फरकाने भागावे. टेम्पोच्या उदाहरणात (५०० − ३००) ÷ (१८ − १४), म्हणजे लगेच ५०. भास्कराचार्यांच्या (जन्म १११४) ‘बीजगणिता’तील घोड्यांचे उदाहरण याच जातीचे. एकाकडे ३०० रूपे (नाणी) व ६ घोडे. दुसऱ्याकडे १० घोडे, पण डोक्यावर १०० रूपे कर्ज. दोघांची मत्ता सारखी, तर घोड्याची किंमत काय? ६क्ष + ३०० = १०क्ष − १००, म्हणून क्ष = १००. कर्ज ऋण संख्या म्हणून सरळ समीकरणात मांडले आहे, हे विशेष. अज्ञाताला ते ‘यावत्तावत्’ म्हणत. भास्कराचार्यांचे गाव विज्जडविड. ते काही अभ्यासक कर्नाटकातले विजापूर मानतात, तर काही महाराष्ट्रातल्या चाळीसगावजवळच्या पाटणच्या परिसरात शोधतात. इथेही सीमावाद आहेच!

उकल नेहमी एकच मिळते असे नाही. दोन्ही टेम्पोंचा किलोमीटरचा दर १८ च असता, तर ३०० + १८क्ष = ५०० + १८क्ष यातून ३०० = ५०० असे अशक्य विधान उरले असते; अशा समीकरणाला उकल नसते. ठोक रक्कमही सारखीच असती, तर क्ष ची कोणतीही किंमत चालली असती.