चिंताविकार : ग्रामीण विदर्भातील प्रमाण व उपचार

कारणाच्या मानाने अवाजवी, दीर्घकाळ टिकणारी आणि रोजच्या कामाला अडथळा करणारी भीती किंवा काळजी ज्यांत मुख्य लक्षण असते, अशा मनोविकारांचा गट. सार्वत्रिक चिंताविकार, भयाघात (पॅनिक), सामाजिक भय व विशिष्ट वस्तूंची भीती हे त्याचे परिचित प्रकार.

संज्ञेचा प्रश्न : जुन्या मराठी संदर्भग्रंथांत हे विकार ‘मज्जाविकृती’ या व्यापक नावाखाली येत. पुढे ‘चिंताविकृती’ व ‘चिंताविकार’ हे शब्द रुळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या रोगवर्गीकरणात चिंता, मंत्रचळ (तेच विचार व कृती पुन्हा पुन्हा करायला भाग पाडणारा विकार) आणि आघातोत्तर ताण (भीषण अनुभवानंतर मागे उरणारा त्रास) एकाच गटात होते. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ मध्ये आपल्या वर्गीकरणात मंत्रचळ व आघातोत्तर ताण वेगळे काढले. २०२२ पासून लागू झालेल्या आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणातही तीच विभागणी आहे. हा वाद केवळ शब्दांचा नाही. गटात काय धरले त्यावर टक्केवारी ठरते, त्यामुळे वेगवेगळ्या काळातले आकडे शेजारी ठेवताना सावध राहावे लागते.

बोलीत मात्र यांपैकी एकही शब्द नाही. वऱ्हाडात माणूस ‘जीव घाबरते’, ‘छातीत धडधड होते’, ‘टेन्शन आलं’ असे सांगतो. काही अभ्यासक या शारीरिक तक्रारींना स्वतंत्र सांस्कृतिक आजार मानतात. इतरांच्या मते आजार तोच आहे, फक्त सांगण्याची रीत वेगळी. धडधड, घाम व धाप ही भयाघाताची जगभर आढळणारी लक्षणे असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

प्रमाण : बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी ३.५ टक्के लोकांत चिंता व ताणाशी संबंधित विकार आढळले (मंत्रचळ व आघातोत्तर ताण धरून). जागतिक रोगभार अभ्यासाने २०१७ साठी भारतात सुमारे ४.४९ कोटी रुग्ण, म्हणजे ३.३ टक्के, असा अंदाज दिला. आकडे जवळचे दिसत असले तरी पहिला मुलाखतींवर बेतलेला आहे व प्रौढांपुरता आहे, तर दुसरा सर्व वयांसाठी गणिती प्रारूपातून काढलेला आहे. स्त्रियांत प्रमाण अधिक असते. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. शेजारची मध्य प्रदेश व छत्तीसगड होती. विदर्भाबद्दल उद्धृत होणारी टक्केवारी त्यामुळे बहुधा उसनी असते.

खास विदर्भातील आकडे मुख्यतः नैराश्याचे आहेत. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात उपचारासाठी कोणाची तरी मदत घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले (प्रसिद्धी २०१७). हा आकडा पुष्कळदा सरसकट ‘मानसिक आजारां’साठी वापरला जातो. ते बरोबर नाही.

उपचार : वरील राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार सौम्य ते मध्यम मनोविकारांच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नाहीत. विदर्भातील एकमेव प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूरला आहे. त्याची स्थापना सामान्यतः १८६४ ची मानतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला. २०१५ च्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात मराठवाडा व विदर्भातील चौदा जिल्हे असून त्यात आशा सेविका ताणग्रस्त शेतकरी कुटुंबे शोधतात. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस (१४४१६) ही दूरध्वनी सेवा आहे.

प्रत्यक्षातला मार्ग वेगळाच असतो. निंदणाला गेलेल्या बाईची धुऱ्यावरच छाती धडधडू लागते, हातापायाला मुंग्या येतात. गावातला डॉक्टर ‘बीपी लो’ म्हणून सलाईन लावतो, तालुक्याला ईसीजी साफ निघतो, ‘गॅस आहे’ म्हणून गोळ्या मिळतात. मध्येच कोणी ‘बाहेरचं’ सुचवते. बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव सराई येथील सैलानी बाबांचा दर्गा या कारणासाठी दूरवर प्रसिद्ध आहे. मेळघाटात प्रथम भुमकाकडे (कोरकूंच्या पारंपरिक वैदूकडे) जातात. मनोविकारतज्ज्ञाची पाळी आलीच तर शेवटी येते, आणि धारणीहून अमरावती सुमारे १५० किलोमीटर, सिरोंचाहून गडचिरोली दोनशेहून अधिक. एका तपासणीसाठी रोजी बुडते. कोरकू किंवा माडिया बोलणाऱ्या रुग्णाला दुभाष्याही लागतो.

औषधांत मेंदूतील सेरोटोनिन हे रसायन वाढवणाऱ्या गोळ्या (उदा. एस्सिटॅलोप्राम) पसंत केल्या जातात. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. याच काळात अनेक जण औषध सोडतात. अल्प्राझोलाम ही शामक गोळी तासाभरात आराम देते, म्हणून मागणी तिलाच. परंतु सवय लागते. २०१४ पासून तिची विक्री औषध नियमांतील अनुसूची एच-१ खाली नोंदवहीसह होणे बंधनकारक आहे. विचार व वर्तन बदलणारी बोधनिक उपचारपद्धती तितकीच परिणामकारक मानली जाते, मात्र तिचे प्रशिक्षित समुपदेशक मुख्यतः नागपूर व इतर मोठ्या शहरांत आहेत.