जुना पीसी आणि रिमोट डेस्कटॉप: अडतं ते नेमकं कुठे आणि का

जुन्या कॉम्प्युटरवर रिमोट डेस्कटॉप (म्हणजे एका कॉम्प्युटरवर बसून लांबचा दुसरा कॉम्प्युटर त्याची स्क्रीन बघत चालवणं) लावायचा विषय निघाला की बहुतेक जण लगेच मशीनला दोष देतात, रॅम कमी आहे, प्रोसेसर जुना आहे, आता हे टाकून नवीन घ्या. मला हे अजिबात पटत नाही. वर्कशॉपमधल्या मशीनला जोडलेला विंडोज एक्सपीचा पीसी असो नाहीतर एखाद्या सीएच्या ऑफिसात टॅली चालवणारा विंडोज ७ चा डबा असो, रिमोट अडतं तेव्हा बऱ्याचदा कारण ताकदीचं नसतंच, कारण असतं ते लायसन्सचं, सिक्युरिटीचं किंवा नेटवर्कचं, आणि ही तीनही कारणं वेगवेगळ्या काळात येऊन चिकटलेली आहेत. उलट रिमोटचा सगळा विचारच कमी ताकदीच्या मशीनसाठी आणि अतिशय स्लो लाइनसाठी झालेला आहे. म्हणून जरा मागे जाऊन बघू.

९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगेलबार्टने एक डेमो दिला, माउस पहिल्यांदा जगाला दिसला तो हाच, पण त्यातली एक गोष्ट लोक विसरतात की ज्या कॉम्प्युटरवर तो काम करत होता तो त्या हॉलमध्ये नव्हताच, तो ५० किलोमीटरच्या आसपास लांब मेन्लो पार्कमध्ये होता आणि मधे मायक्रोवेव्ह लिंक आणि मोडेम, म्हणजे फोन लाइनवरून डेटा पाठवणारा डबा. म्हणजे कॉम्प्युटर तिकडे आणि माणूस इकडे हे पहिल्यापासूनच आहे. त्या काळात कॉम्प्युटर एकच, मोठा, आणि त्याला जोडलेली टर्मिनल्स अनेक, टर्मिनलला स्वतःचं डोकं जवळजवळ नाही. टेलनेट, म्हणजे लांबच्या कॉम्प्युटरवर टाइप करून काम करायची सोय, आलं १९६९ च्या सुमाराला, ते याच पद्धतीचं, अक्षरं पाठवा अक्षरं घ्या.

१९८० च्या दशकात पीसी आले आणि गणित बदललं, कारण आता प्रत्येकाच्या टेबलावरच कॉम्प्युटर. तरी ऑफिसचा पीसी घरून चालवायची गरज होतीच, आणि त्यासाठी १९८६ मध्ये पीसीएनीव्हेअर आलं, जे पुढे १९९१ ला सिमँटेकने घेतलं. इंटरनेट वगैरे काही नाही, एका मोडेमने दुसऱ्या मोडेमला सरळ फोन लावायचा. डॉसची (विंडोजच्या आधीची, नुसत्या अक्षरांची सिस्टीम) स्क्रीन म्हणजे ८० बाय २५, एकूण २,००० अक्षरं. २,४०० बिट्सच्या मोडेमवरून सेकंदाला साधारण २४० अक्षरं जातात, म्हणजे अख्खी स्क्रीन यायला आठेक सेकंद, आणि बदललेलीच अक्षरं पाठवली तर काम आरामात होतं.

मग विंडोज आलं आणि इथे खरी पंचाईत झाली. ६४० बाय ४८० ची १६ रंगांची स्क्रीन घ्या, ते होतात १,५३,६०० बाइट्स. १४,४०० बिट्सच्या मोडेमवरून हे कॉम्प्रेस न करता पाठवायचं तर पावणेदोन मिनिटं, फक्त एका स्क्रीनला! माउस हलवला, मेनू उघडला, परत तेच. हा आकडा लक्षात ठेवा कारण आजचं प्रत्येक रिमोटचं सॉफ्टवेअर याच प्रश्नाचं कुठलं ना कुठलं उत्तर आहे.

उत्तरं दोन निघाली. एक म्हणजे चित्र पाठवूच नका, चित्र कसं काढायचं ते सांगा: इथे चौकोन काढ, इथे हे अक्षर लिही, हा आयकॉन मघाशी दिला होता तोच परत लाव. निरोप छोटा असतो, काढायचं काम समोरचा कॉम्प्युटर करतो. एमआयटीमध्ये प्रोजेक्ट अथेनात १९८४ ला एक्स विंडो सिस्टीम सुरू झाली ती याच विचाराची, युनिक्स आणि लिनक्सवाल्यांच्या रोजच्या वापरातली. दुसरं उत्तर म्हणजे चित्रच पाठवा, पण जेवढा तुकडा बदलला तेवढाच आणि दाबून बारीक करून. आज जुन्या पीसीवर काय चालेल आणि काय रखडेल हे बरंचसं यावरच ठरतं की तुम्ही यातला कुठला रस्ता धरला.

पहिल्या रस्त्याने विंडोजच्या जगात गेलं ते सिट्रिक्स. आयबीएममध्ये ओएस/२ या ऑपरेटिंग सिस्टीमवर काम केलेला एड आयाकोबुची, त्याने १९८९ ला कंपनी काढली. त्याचं म्हणणं असं की एकाच मशीनवर अनेक जणांना एकाच वेळी बसता आलं पाहिजे, प्रत्येकाला आपापला डेस्कटॉप. त्यांनी मायक्रोसॉफ्टकडून विंडोज एनटीचा सोर्स कोड लायसन्सवर घेतला आणि १९९५ ला विनफ्रेम आणलं. सॉफ्टवेअर सगळं सर्व्हरवर चालायचं, टेबलावरचा ३८६ किंवा ४८६ प्रोसेसरचा जुना पीसी फक्त चित्र दाखवायचा आणि कीबोर्ड-माउस कळवायचा. जुनी मशीन्स फेकू नका, तीच वापरा, हाच तर त्यांचा विक्रीचा मुद्दा होता! १९९७ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने सांगितलं की आता हे आम्हीच बनवू, सिट्रिक्सचा शेअर एका दिवसात निम्म्याहून जास्त कोसळला, मग वाटाघाटी झाल्या आणि मे महिन्यात करार झाला, मायक्रोसॉफ्टने साडेसात कोटी डॉलर आधी मोजून सिट्रिक्सचं ते तंत्र घेतलं. त्यातून १९९८ ला विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर एडिशन आली आणि तिच्याबरोबर आरडीपी (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपची भाषा), तेच ज्याचा पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरच्या दरवाज्याचा नंबर, ३३८९ आजही सगळ्यांना तोंडपाठ आहे. आरडीपीचा पाया मात्र सिट्रिक्सचा नव्हता, तो टी.१२० नावाच्या कॉन्फरन्सिंगच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डवरून आला. आणि महत्त्वाचं म्हणजे या पहिल्या आरडीपीचा क्लायंट, म्हणजे बघणाऱ्याकडचा प्रोग्रॅम, विंडोज ३.११ वर सुद्धा चालायचा. म्हणून सांगतो, ताकद हा मुद्दा नाही.

मग २५ ऑक्टोबर २००१ ला विंडोज एक्सपी आलं आणि पहिल्यांदा साध्या पीसीला, सर्व्हर नसताना, रिमोट डेस्कटॉप मिळाला. पण फक्त प्रोफेशनलला. एक्सपी होमवरून दुसऱ्या मशीनला जोडता येतं, पण दुसऱ्याला होमवर येता येत नाही, तिथे फक्त रिमोट असिस्टन्स, म्हणजे समोर माणूस बसून परवानगी देईल तेव्हाच. हार्डवेअर तेच, डबा तोच, फरक फक्त कुठली सीडी टाकली याचा. विंडोज ७ होम प्रीमियमलाही हेच आणि आजच्या विंडोज ११ होमलाही हेच. कितीतरी लोक सेटिंगमध्ये तो पर्याय शोधत संध्याकाळ घालवतात आणि तो तिथे नसतोच, आधी एडिशन बघा मग बाकीचं. दुसरी नेहमीची अडचण, अकाउंटला पासवर्डच नसणं. घरच्या आणि छोट्या ऑफिसच्या पीसीला पासवर्ड न ठेवायची सवय आपल्याकडे जुनी आहे, आणि एक्सपीपासून विंडोज पासवर्ड नसलेल्या अकाउंटला नेटवर्कवरून आतच घेत नाही.

होमवाल्यांना वाट मिळाली ती दुसऱ्या उत्तरातून, चित्र पाठवण्याच्या. इंग्लंडात केंब्रिजला ऑलिव्हेटीची एक संशोधन लॅब होती, पुढे तिच्यात ओरॅकल आलं, १९९९ ला ती एटी अँड टीकडे गेली, आणि २००२ ला बंद केली गेली. याच लॅबमध्ये व्हीएनसी, स्क्रीनचं चित्र पाठवणारं सॉफ्टवेअर, जन्मलं आणि १९९८ मध्ये जीपीएल या मुक्त लायसन्सखाली सगळ्यांना फुकट, कोडसकट दिलं गेलं. मला या सगळ्या इतिहासात हे सर्वात मोठं काम वाटतं. बघणाऱ्याचा प्रोग्रॅम एवढा छोटा की फ्लॉपीवर मावायचा, इन्स्टॉल करायची गरज नाही, आणि तो कसलीही नोंद स्वतःकडे ठेवत नाही, इथून बंद करा, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून उघडा, अर्धवट टाइप केलेलं वाक्य तिथेच असतं. विंडोज, मॅक, युनिक्स सगळीकडे चालतं. लॅब बंद झाल्यावर तिथल्याच मंडळींनी रिअलव्हीएनसी काढलं, बाहेर टाइटव्हीएनसी, अल्ट्राव्हीएनसी तयार झाले, आणि टाइटव्हीएनसीची जुनी १.३ मालिका विंडोज ९८ वर सुद्धा चालते.

पण इथे जुन्या मशीनला खरंच त्रास होतो आणि तो कुठे होतो ते नीट समजून घ्या. आरडीपीला विंडोजच्या आतूनच कळतं की काय काढलं जातंय. व्हीएनसी बाहेरचं, त्याला जुन्या विंडोजवर स्क्रीन परत परत वाचून काय बदललं ते शोधावं लागतं, आणि ते काम ज्याची स्क्रीन बघितली जातेय त्याच पीसीला करावं लागतं. पेंटियम ३ वर हे करताना प्रोसेसर १०० टक्के दिसला तर नवल नाही. म्हणून वॉलपेपर काढा, रंग १६ बिटवर आणा, रिझोल्यूशन कमी करा, हे सल्ले उगीच नाहीत. थोडक्यात जुना पीसी बघणारा म्हणून मस्त चालतो, त्याची स्क्रीन दुसरीकडून बघायची असेल तेव्हा त्याला जड जातं.

आता नेटवर्क. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सामान्य लोकांना इंटरनेट दिलं ते डायल-अप, आणि दर वेळी जोडलं की आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, नवा. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड असं ठरलं. मग राउटर आले, घरातल्या सगळ्या पीसींना मिळून बाहेर एकच आयपी, त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला कुठल्या पीसीकडे पाठवायचं ते राउटरला सांगून ठेवावं लागायचं, म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. साध्या माणसाचं तिथेच घोडं अडायचं. २००५ मध्ये जर्मनीत टीमव्ह्यूअर सुरू झालं, दोन्ही पीसी आपणहून बाहेर कंपनीच्या सर्व्हरला जोडतात आणि सर्व्हर त्यांची गाठ घालून देतो, म्हणून राउटरला हात लावावा लागत नाही. फोनवर नुसता आकडा आणि पासवर्ड सांगायचा. न्यू जर्सीत बसलेल्या मुलीने डोंबिवलीतल्या आईबाबांचा प्रिंटर सुरू करून देणं यामुळे शक्य झालं, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. आता मोबाइल इंटरनेटवर आणि बऱ्याच फायबरवाल्यांकडे अनेक ग्राहकांना मिळून एकच आयपी असतो, तिथे पोर्ट फॉरवर्डिंग चालतच नाही, त्यामुळे हीच पद्धत जास्त उपयोगी पडते. फक्त अडचण ही की नव्या आवृत्त्यांनी एक्सपी सोडलाय, आणि एक्सपीच्या स्वतःच्या एनक्रिप्शनची (डेटा गुप्त ठेवायच्या पद्धतीची) मजल टीएलएस १.० या जुन्या स्टँडर्डपर्यंतच आहे.

सिक्युरिटीचं प्रकरण सगळ्यात कडू. १९९८ मध्येच डेफकॉन या हॅकर्सच्या परिषदेत बॅक ओरिफिस नावाचं टूल दाखवलं गेलं, विंडोज ९५-९८ मालकाला न कळता लांबून चालवणारं. जुन्या व्हीएनसीचा पासवर्ड ८ अक्षरांचा, त्यापुढचं धरतच नाही, आणि नंतरची देवाणघेवाण उघडी. २०१२ च्या जानेवारीत सिमँटेकने स्वतःच ग्राहकांना सांगितलं की पीसीएनीव्हेअर तूर्त बंद ठेवा, कारण त्याचा सोर्स कोड चोरीला गेला होता. मग मे २०१९ मध्ये ब्लूकीप. जुन्या विंडोजच्या आरडीपीतलं असं भोक की पासवर्ड न देता आत शिरता यावं आणि एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरता यावं. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला होता तरी मायक्रोसॉफ्टने पाच वर्षांनी त्याच्यासाठी पॅच काढला, यावरून गांभीर्य कळतं. आणि फसवणुकीची दुसरी बाजू आपण इथे बघितलीच, फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केलं की लोकांना एनीडेस्क हे रिमोटचं अ‍ॅप टाकायला लावून यूपीआयमधून पैसे काढले जातायत.

या भीतीतूनच व्हिस्टापासून एनएलए आलं, म्हणजे स्क्रीन दाखवायच्या आधीच ओळख पटवायची. नवीन विंडोज ते मागतं, आणि एक्सपीवरून विंडोज १० ला जोडायला गेलं की तुमचा कॉम्प्युटर हे सपोर्ट करत नाही असा मेसेज येतो तो यामुळे. एक्सपी सर्व्हिस पॅक ३ मध्ये याची सोय आहे पण ती बंद असते, रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमधून, चालू करावी लागते. मे २०१८ च्या अपडेटनंतर क्रेडएसएसपीची (एनएलए ज्यावर चालतं त्या ओळख पटवण्याच्या पद्धतीची) एरर येऊन पॅच नसलेल्या मशीनची कनेक्शन्स तुटली तीही याच मालिकेतली. अशा वेळी नव्या मशीनचं एनएलए बंद करा हा सल्ला सगळीकडे मिळतो, कृपा करून तो घेऊ नका, आणि जुन्या पीसीचा ३३८९ राउटरवर उघडा तर कधीच टाकू नका. जुना पीसी आतल्या नेटवर्कमध्ये राहू द्या, बाहेरून व्हीपीएनने (इंटरनेटवरच्या सुरक्षित बोगद्याने) आत या किंवा आधी एका अपडेट असलेल्या पीसीवर या आणि तिथून पुढे जुन्याला जोडा.

आणि जुन्या डब्यावर बसून नवीन पीसी चालवायचा असेल तर एक्सपी ठेवायची गरजच नाही. हलकं लिनक्स टाका आणि फ्रीआरडीपी हे आरडीपीने जोडणारं सॉफ्टवेअर, ते एनएलए समजतं, ५१२ एमबी रॅमच्या पेंटियम ४ वर एक्सेल-टॅली बघण्यापुरतं चालतं. मात्र ३२ बिट मशीनवाल्यांनी सर्वात नव्या डेबियनमागे (हे एक लिनक्स) वेळ घालवू नये, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही, त्यामुळे अशा मशीनवर आज टाकायचं तर डेबियन १२.