दिव्यांगांसाठी आपत्तिपूर्वतयारी शिक्षण (बडोदे)

पूर, भूकंप, आग अशा प्रसंगी स्वतःचा बचाव कसा करावा आणि नेमकी कोणती मदत मागावी, हे दिव्यांग व्यक्ती, त्यांचे कुटुंबीय व शेजारी यांना आधीच शिकवण्याची पद्धती.

तिचा आरंभ कोठून धरावा याविषयी मतभेद संभवतो. कायद्याच्या अंगाने तो दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातील (२००६) अकराव्या, म्हणजे संकटकाळातील संरक्षणाविषयीच्या कलमापाशी येतो. भारताने हा करार २००७ मध्ये स्वीकारला. गुजरातपुरते पाहता मात्र २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपापासून आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मणक्याच्या दुखापतीने त्यात अनेकांना कायमचे अपंगत्व आले. त्याच वर्षी राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन झाले आणि २००३ मध्ये, म्हणजे केंद्राच्या कायद्याच्या दोन वर्षे आधी, राज्याचा स्वतंत्र कायदा झाला. तथापि जिल्हा प्राधिकरणाने दिव्यांगांची नोंद ठेवावी व त्यांना धोक्याची माहिती पोहोचवावी, हे बंधन स्पष्टपणे आले ते २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील आठव्या कलमाने. राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१९ ची आहेत.

बडोद्यात मुख्य धोका विश्वामित्री नदीच्या पुराचा. पाऊस थांबला तरी आजवा सरोवराचे पाणी नदीत उतरत राहते व ती चढते. धोक्याची पातळी २६ फूट असताना ऑगस्ट २०२४ मध्ये ती ३५ फुटांपलीकडे गेली. पाऊस आणि पूर यांमधले हे काही तास हातचे जाऊ नयेत, यातच या शिक्षणाचे सार आहे. भोंगा कर्णबधिरांना ऐकू येत नाही. व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून फिरणारी सूचना अंधांच्या मोबाइलला नीट वाचून दाखवता येत नाही. पुरात मगरी वस्तीत शिरतात, म्हणून अंध व्यक्तीने काठीने पाणी चाचपत एकट्याने निघू नये.

जुन्या वाड्यांच्या अरुंद लाकडी जिन्यांवर व्हीलचेअर चढत नाही. तळमजल्यावरच्या व्यक्तीला साध्या खुर्चीत बसवून दोघांनी वर नेण्याचा सराव कोरड्या दिवसांतच करावा लागतो. उचलण्यापूर्वी ‘कसे धरू?’ असे त्या व्यक्तीलाच विचारावे. मणक्याची इजा असलेल्यास खांद्यावर टाकणे घातक ठरते. त्याची गादी व कॅथेटर (लघवीची नळी) सोबत घ्यावे, नाहीतर निवाऱ्यात शय्याव्रण (एकाच स्थितीत राहिल्याने होणाऱ्या जखमा) होतात. मॉक ड्रिलमध्ये दिव्यांगाची भूमिका धडधाकट स्वयंसेवकाने वठवणे हा सरावच नव्हे.

बौद्धिक दिव्यांगांसाठी चित्रपट्ट्या व ओळखीच्या माणसांसह वारंवार सराव उपयोगी पडतो.